देव नसलेलं बेट

नीळकंठराव एक वाक्य जास्त बोलले आणि कुंदाचं बेट हातचं गेलं.

नीळकंठराव यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात नाझर होते. मूळ गाव मुकुटबन. त्यामुळे तिकडच्या कोणाचीही तारीख लागली की मुक्काम नाझरांकडे, हे ठरलेलं. माणूस आदल्या संध्याकाळी यायचा, पिशवी खुंटीला अडकवायचा आणि विचारायचा, "वहिनी, चहा होऊन राहिला का?" तारीख पुढे ढकलली जायची, की महिन्याभरात तोच माणूस पुन्हा दारात. कोर्ट चालू असलं की कुंदाची चूल विझत नसे.

त्रेसष्टच्या पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. तापातून उठली ती अर्धीच उठली. परातीत कणीक भिजवता भिजवता हात थांबायचे. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, समुद्राची हवा मिळाली तर फारच चांगलं. डॉक्टरांनी ते रीतीप्रमाणे सांगितलं आणि घरानं रीतीप्रमाणे ऐकलं. कुंदानं मात्र ते मनात धरून ठेवलं.

दिवाळीत तिचा धाकटा भाऊ चंद्रशेखर भाऊबीजेला आला. तो बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. दीव पोर्तुगीजांकडून सुटल्यावर त्याची बदली तिकडे झाली होती. ओवाळून झाल्यावर तो पाटावरच बसून सांगत राहिला. चारी बाजूंनी पाणी, फांद्या फुटलेले ताड, पौषातही अंगावर शाल लागत नाही अशी हवा. त्याच्या क्वार्टरची गॅलरी समुद्राकडे होती.

"तिथे करायचं काय?" कुंदानं विचारलं.

"काही नाही, ताई. गॅलरीत खुर्ची टाकायची अन् बसायचं."

"देऊळ?"

"असेल एखादं. मी गेलो नाही. चर्च आहेत, किल्ला आहे, कोळी आहेत."

"मग आपल्यातलं कोणी जात नसेल."

"कोण जाणार? पाहायला काही नाही तिथे."

"हे बरं आहे," कुंदा म्हणाली.

समुद्र कसा असतो याचा तिनं फार विचार केला नाही. तिच्या डोळ्यांसमोर आली ती खुर्ची. त्या खुर्चीतून "अगं, जरा इकडे ये" म्हणून कोणी उठवणार नव्हतं.

नीळकंठराव बायकोच्या आजाराला घाबरलेले होते. ते चटकन कबूल झाले. नाताळात कोर्ट बंद, त्याला जोडून थोडी रजा. दोघांनीच जायचं. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, तेवढे दिवस दारव्ह्याला विमलताईकडे, आपल्या लेकीकडे राहायचं. सगळं ठरलं. कुंदानं ट्रंकेतून दोन सुती पातळं काढून उन्हात टाकली.

लोणी विकायला येणारी बसंतीबाई ती पातळं बघून ओसरीवर टेकली. शहराबाहेरच्या तांड्यातली ही बंजारा बाई, कुंदाच्याच वयाची. हातातल्या बांगड्या मागे सारत ती म्हणाली, "समुद्रावर कायले चालल्या बाई?"

"बसायला."

"बसाले? इतक्या दूर? त्यापेक्षा आमच्या तांड्यात या ना. बाज टाकून देईन."

"अन् बसू देतील मला?"

बसंतीबाईनं विचार केला. "नाही. साऱ्या जमा होतीन. पहिले तुमचं पातळ पाहातीन, मंग लेकरं किती ते इचारतीन." दोघी हसल्या. मग ती म्हणाली, "माह्या आज्याचे बैल मीठ आनाले समुद्राकडे जात. आजा सांगे, तिथं पोचले की बैल खाली बसून घेत. मारलं तरी उठत नसत."

"मारायचे?"

"मंग? मीठ कोन आनीन?"

त्याच रात्री जेवताना माईंनी विचारलं, "हे दीव आलं कुठे रे, निळू?"

त्या घरात गाव सांगायचं ते जवळच्या देवावरून. एखादी सोयरीक माहूरच्या पायथ्याची असायची, एखादं शेत कळंबच्या चिंतामणीच्या अलीकडचं. नकाशा भिंतीवर नव्हताच, जो होता तो हा असा. तेव्हा नीळकंठरावांनी भाताचा घास घेत सवयीनं सांगितलं, "काठेवाडात, आई. सोमनाथाच्या बाजूला."

माईंचा हात ताटावर थांबला. कुंदाचाही वाढता वाढता थांबला.

"सोमनाथ?" माई म्हणाल्या. "बारांतला पहिला?"

"बाजूला म्हणजे, तसं लांब आहे."

"बाजूला म्हणालास."

"हो, पण..."

"त्याच्या दारापर्यंत जायचं आणि दर्शन न घेता परत यायचं? अरे, लोक काय म्हणतील ते सोड. तो काय म्हणेल?"

एवढं झालं आणि चार दिवसांत विमलताई दारव्ह्याहून मोटारीनं आल्या. पिशवी ठेवायच्या आत सुरू झाल्या. "वहिनी, तुम्ही मला कळवलंही नाही! आई सोमनाथाला निघाली अन् लेकीला पत्ता नाही! आमचे हे म्हणाले, जा तू, आईसोबत जा, पुन्हा काही योग येत नाही."

"वन्सं, आम्ही दीवला जाणार होतो," कुंदा म्हणाली.

"जाऊ ना दीवलाही. एक रात्र राहू भावाकडे तुमच्या. मग प्रभासला सोमनाथाचं दर्शन, मग द्वारका. तिकडे गेल्यावर द्वारका सोडतं का कोणी?"

पुढच्या आठवड्यात गिरनारचा विषय निघाला. माईंना चढवत नव्हतं, पण पायथ्यापासून नमस्कार करता येतो, असं विमलताईंनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. दीवची एक रात्र "जमलं तर" झाली. नीळकंठराव बायकोची नजर चुकवत म्हणाले, "बेट द्वारका आहे ना, तेही बेटच आहे. नावेनं जावं लागतं."

"तिथे खुर्ची असेल?" कुंदानं विचारलं.

त्यांना ते कळलं नाही. तिनंही समजावून सांगितलं नाही.

माई सोवळ्यातलं खाणाऱ्या. बाहेरचं पाणीसुद्धा चालत नसे. म्हणजे स्टो न्यायचा, भांडी न्यायची, पीठमीठ न्यायचं, आणि जिथे उतरू तिथे आंघोळ करून ओलेत्यानं स्वयंपाक करायचा. तो कोण करणार हे कोणी बोललं नाही, कारण बोलायची गरज नव्हती. निघायच्या आधीचा सगळा दिवस कुंदानं दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या. दुधातल्या दशम्या प्रवासात माईंना चालत. धुरानं डोळे चुरचुरत होते. दशमी उलटताना तिला त्या बैलांची आठवण झाली. मारलं तरी उठत नसत. तिला वाटलं, त्यांना बसायला निदान समुद्र मिळाला. आपल्याला तिथेही स्टो पेटवायचा आहे.

सकाळी टांगा दाराशी आला. ट्रंका चढल्या, वळकट्या चढल्या. मूर्तिजापूरची छोटी गाडी गाठायची होती. विमलताईंनी हाक मारली, "वहिनी, दशम्यांचा डबा!"

कुंदा आतून बाहेर आली नाही. माई बघायला गेल्या. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी पसरून कुंदा भिंतीला टेकून बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या वेगळा काढलेला.

"शिवू नका, माई," ती म्हणाली. "कावळा शिवला."

बाहेरची बसलेली बाई देवाला निघत नाही. त्यावर बोलायचं काही उरत नाही. विमलताई दारातूनच कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आजच का हो, वहिनी?" नीळकंठराव अंगणात हातात टोपी धरून उभे राहिले. "मग मी राहतो," ते म्हणाले.

"तू राहिलास तर आम्हाला नेणार कोण?" विमलताई म्हणाल्या. "तिकडची भाषा आम्हाला येते?"

"तुम्ही जा," कुंदा पडवीतून म्हणाली. "जमलं तर चंदूला भेटून या."

नीळकंठरावांनी टोपी डोक्यावर चढवली. मग टांग्याकडे गेले.

माई मात्र हलल्या नाहीत. सून बाहेरची बसली की स्वयंपाक त्यांच्याकडे येई, त्यामुळे घरातली ही पाळी त्यांच्याइतकी कोणाच्या ध्यानात नसे. त्यांनी कुंदाकडे पाहिलं.

"अगं, दहाच दिवसांपूर्वी तर तू..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

कुंदानं मान वर केली नाही. घोंगडीची दशी ती बोटाला गुंडाळत होती.

माई स्वयंपाकघरात गेल्या. दशम्यांचा डबा उघडल्याचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा हातात केळीच्या पानात बांधलेला मोठा पुडा होता. वाकून, न शिवता, त्यांनी तो वरून घोंगडीवर सोडला.

"चूल पेटवू नकोस," त्या म्हणाल्या. "बस."

टांगा गेला. घरात आवाज राहिला नाही. कुंदा उठली असती तर चाललं असतं, बघायला कोणी नव्हतं. ती उठली नाही. पडवीवर ऊन आलं, ते पायांवर चढलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. तेवढीही ताकद नव्हती.

दुपारकडे बसंतीबाई लोणी घेऊन आली. "अवं, तुम्ही गेल्या नाही? काहून?"

"बाहेरची बसले."

बसंतीबाईनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बसा मंग," ती म्हणाली आणि पडवीच्या पायरीवर स्वतःही बसली.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. मुकुटबनचा एक म्हातारा होता. कोर्टाला नाताळची सुटी होती, म्हातारा तारीख चुकला होता. "नाझर साहेब हायेत का? उद्याची तारीख हाय माही."

कुंदाचे हात आपसूक जमिनीला टेकले. उठायला ते निघालेच होते. बसंतीबाई तिच्या आधी उठली.

"साहेब गावाला गेले, अन् कोर्ट बंद हाये," दारातून तिचा आवाज आला.

"मंग वहिनी? एक कप चहा..."

"बाई बाहेरची बसली हाये. घरात कोनी नाही."

म्हाताऱ्याच्या काठीचा आवाज अंगणातून रस्त्यापर्यंत गेला. कुंदानं जमिनीवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले.