बारापैकी एक

संघमित्राच्या ऑफिसात एक जुनी खोड होती. चाचणीसाठी खोटे पेशंट भरायचे तर नावं घरच्यांची टाकायची आणि मोबाईल नंबर खरे. मेसेज जातो की नाही हे कळायला कुणाचा तरी फोन वाजावा लागतो, आणि दिवसातून दहा वेळा फोन वाजवून घेणारा माणूस घरचाच असतो. महापेची ती कंपनी डायलिसिस सेंटरांची बुकिंगची वेबसाइट सांभाळायची. संघमित्राने तिथे वडिलांचं, धम्मपालांचं नाव भरलं होतं. दोन वर्षांनी पप्पांच्या किडन्या खरोखरच गेल्या, ते त्याच वेबसाइटवर खरे पेशंट झाले, तेव्हा ते नाव चाचणीच्या यादीतून काढायला हवं होतं. राहून गेलं.

दिघ्याच्या घरात मेसेज वाजला की धम्मपाल चष्मासुद्धा लावायचे नाहीत. म्हणायचे, "पोरीचं ऑफिस आलं."

यंदा कंपनीने चाचणीला एआय एजंट आणला. तो स्वतः ब्राउझर उघडतो, बटणं दाबतो, अहवाल लिहितो. संघमित्राने फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायचं. त्याचे नियम तिनेच लिहिले होते: एजंटला वेगळा कॉम्प्युटर द्यायचा, खऱ्या वेबसाइटचं लॉगिन त्याच्या हाती लागू द्यायचं नाही, आणि काहीही रद्द करण्याआधी त्याने माणसाला विचारायचं. चांगले नियम होते. छापून भिंतीवर लावले होते, आणि भिंतीवर लावलेल्या गोष्टींकडे ऑफिसात जेवढं लक्ष जातं तेवढं जात होतं.

शुक्रवारी एजंट सकाळपासून विचारत होता, रद्द करू का? ती 'हो' दाबत होती. शंभर वेळा 'हो' दाबल्यावर प्रश्न कोण वाचतं? टीम लीड नंदकिशोर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"अगं, हे किती वेळ चालणार? 'विचारू नको'वर टाक ना. उद्या डेमो आहे, क्लायंट डोक्यावर बसलाय."

"नियम आहे, सर."

"तूच केलायस ना? मग आजच्या दिवस ठेव बाजूला. टेन्शन नको घेऊ."

तिने ठेवला. खरं सांगायचं तर तिलाही सुटल्यासारखं वाटलं.

एजंटच्या त्या वेगळ्या कॉम्प्युटरवरच सकाळी नंदकिशोरने क्लायंटची तक्रार बघायला खरी वेबसाइट उघडली होती, आणि लॉगआउट न करताच साहेब चहाला गेले होते. दुपारी चाचणीची वेबसाइट, म्हणजे खरीची नक्कल, बंद पडली. माणूस असता तर वैतागून उठला असता. एजंटला दिलेलं काम पुरं करायचं होतं, आणि शेजारच्या टॅबमध्ये हुबेहूब तसंच पान उघडं होतं. त्याने तिथे यादीतली बारा नावं शोधली आणि अहवाल दिला: बारापैकी एक अपॉइंटमेंट रद्द केली, अकरा रुग्ण सापडले नाहीत.

संघमित्राने अकरा वाचले. चाचणीचा डेटा उडाला असं समजून चरफडली आणि ती अकरा नावं पुन्हा भरत बसली. त्या एकाकडे तिने पाहिलंच नाही.

शनिवारी डेमो झकास झाला. संध्याकाळी घरी आली तर पप्पा पलंगावर बसलेले, पाय सुजलेले, हाताला डायलिसिसनंतरची पट्टी नाही.

"सेंटरला गेला नव्हता?"

"गेलो होतो की. म्हनले, तुमची वेळ रद्द हाय, खुर्ची दुसऱ्याला दिली. आता मंगळवारी."

"मग मला फोन का नाही केला?"

"तुजा डेमो होता ना."

आई, वेणूबाई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "काल मेसेज आला होता. आमाला वाटलं, तुजंच काय तरी."

तिने लॅपटॉप उघडला. नोंद स्पष्ट होती. शुक्रवार, दुपारी तीन चाळीस. धम्मपाल. रद्द. परवानगी: संघमित्रा.

रविवारी सेंटर बंद होतं. दोन खाजगी हॉस्पिटलांत खुर्ची नव्हती. तिसऱ्याने तपासून सांगितलं, त्रास वाढला तर आणा. नंदकिशोर फोनवर म्हणाला, "रिपोर्टमध्ये टूलची चूक लिही. तुझं नाव नको, माझंही नको." त्याचा तिला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

सोमवारी सकाळी पप्पांना श्वास घेता येईना. आयसीयूत डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी भरलंय, डायलिसिसचं मशीन लावायला रक्तदाब आधी वर यायला हवा. तिला दोन मिनिटं आत सोडलं. पप्पांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"कुनी रद्द केलं गं?"

"कॉम्प्युटरने, पप्पा. आपोआप झालं."

धम्मपालांनी तीस वर्षं केमिकल कंपनीत बॉयलर सांभाळला होता.

"आपोआप? मग तितं मानूस बसवायला सांग," ते म्हणाले. "तूच बस. तुज्यावानी नीट बघनारं कोन हाय?"

रक्तदाब वर आला नाही. अकरा वाजता ते गेले.

बाहेरच्या बाकावर आईने तिचा हात धरला. "शेवटी काय म्हनले गं तुला?"

संघमित्राला ते सांगता आलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.