गाडीचं पाणी

आप्पा माझ्याकडे शेवटचे आले तो रविवार होता, २०१६ च्या मे महिन्यातला दुसरा. मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. दहाच्या सुमारास जीप फाटकासमोर थांबली.

"आज कॅन न्हाई," उतरता उतरताच ते म्हणाले. "छबुबाईच्या विहिरीला काल पाझरच न्हवता. उद्या आणतो. म्हातारीला मोतीबिंदूसाठी भरती करायचंय हितं, दुपारी बोलवलंय. तसाच तुझ्याकडं येतो."

मागच्या आठवड्याचा रिकामा कॅन मी आतून आणून जीपमध्ये ठेवला. पांढरा, वीस लिटरचा. त्याच्या पोटावर लाल ऑइलपेंटने आप्पांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'गाडी'.

फेब्रुवारीत मला मुतखड्याचा त्रास झाला होता. भरपूर पाणी प्या आणि हलकं पाणी प्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या वर्षी अंबाजोगाईत नळ वीस-बावीस दिवसांनी यायचा. मी राहत होते तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि भांड्यांवर पांढरे डाग राहत. मग मार्चपासून दर रविवारी आप्पा गावाकडून गोड्या पाण्याचा कॅन आणू लागले. आमचं गाव धर्मापुरीच्या अलीकडे. तिथे गोडं पाणी असलेली एकच विहीर उरली होती, छबुबाईंची. त्या म्हणजे आमच्या शेजारच्या, सत्तरीच्या पुढच्या. आई गेल्यावर आप्पांना भाजी त्यांच्याकडूनच येई.

आप्पा, म्हणजे माझे वडील उत्तरेश्वर, सहकारी साखर कारखान्यात सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते. शेतकी अधिकाऱ्याची जीप त्यांच्याकडे असे. पाऊस नाही म्हणून ऊस नाही आणि ऊस नाही म्हणून गाळप नाही, असे लागोपाठ दोन हंगाम गेले आणि कारखान्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या. आप्पांनी तीच जीप घेतली. गावच्या दूध सोसायटीच्या बरण्या रोज सकाळी परळीच्या शीतकरण केंद्रावर पोचवायच्या, हे त्यांचं काम झालं. सोसायटीचा सचिव माझा धाकटा भाऊ शहादेव.

सव्वीस वर्षं आप्पांनी त्या जीपचा एक नटही बदलला नव्हता. कंपनीने दिलंय तसं ठेवावं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. याच उन्हाळ्यात मात्र त्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे. मार्चमध्ये त्यांनी जीपला भंगारातल्या ट्रॅक्टरचा मोठा पंखा बसवून घेतला. एप्रिलमध्ये बॉनेटला हवेसाठी चिरा पाडल्या. एप्रिल संपताना रेडिएटरच्या वाटेवरचा व्हॉल काढून टाकला. हा व्हॉल म्हणजे मुठीत मावणारी पितळी वस्तू. इंजिन नीट गरम होईपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि गरम झालं की आपोआप उघडते. तो काढला की पाणी सारखं फिरत राहतं.

"थंड इंजिन जास्त ओढतं," आप्पा सगळ्यांना सांगत. "फरक बघा. गाडी हत्तीसारखी झालीय."

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. मला हे पटणं शक्य नव्हतं. त्या रविवारी चहा पिताना मी पुन्हा विषय काढला.

"आप्पा, थंड करून इंजिनाची ताकद वाढत नाही. तापून जी कमी होते तेवढीच वाचते. आणि तो मोठा पंखा फिरवायला इंजिनाचीच ताकद जाते. तुम्ही एका हातानं देताय आणि दुसऱ्यानं काढून घेताय."

"माणूस सावलीला जास्त काम करतो का उन्हात?"

"सावलीला. पण बर्फाच्या लादीवर बसवलं तर करत नाही. सकाळी किती धूर टाकते गाडी? डिझेल जास्त लागतंय की नाही?"

"लागतंय थोडं."

"व्हॉल काढला म्हणून. इंजिन गरमच होत नाही सकाळी. अर्धवट जळतं."

ते बशीतला चहा संपवून माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "एवढ्या पुस्तकांत एकात तरी घाट हाय का?"

"आहेत. बरेच आहेत."

"त्यात दुपारी बाराला, मागं चार माणसं घेऊन कुणी चढलंय का?"

मला हसू आलं, पण मी सोडलं नाही. मला वादात सोडता येत नाही, हा माझा जुना दोष. व्हॉल परत बसवायचा, आजच्या आज, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. व्हॉल जीपच्या कप्प्यातच होता, चिंधीत गुंडाळलेला.

"बरं मॅडम," ते उठले. "जाताना परळीत सिदूकडून बसवून घेतो. पण गाडी उकळली तर धक्का मारायला येशील का?"

"येईन."

"पुस्तक घेऊन येऊ नको बाई. हात घेऊन ये."

सोमवारी सकाळी आठला त्यांचा फोन आला. दूध परळीला पोचवून ते गावाकडे परतले होते. "लई गुमान चालली गाडी. धूर न्हाई, काय न्हाई. तुमची जीत झाली मॅडम."

मी म्हणाले, "मी सांगितलंच होतं."

मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते.

त्या दिवशी पारा त्रेचाळीसच्या वर होता. परळीहून अंबाजोगाईला चढताना घाटात साडेबाराच्या सुमारास जीपने पाणी फेकलं. आप्पांनी ती कडेला घेतली. गाडीत फक्त छबुबाई होत्या. आप्पा रिकामी बादली घेऊन वरच्या ढाब्यावरून पाणी आणायला पायी निघाले. ढाबा किलोमीटरभर असेल. ते तिथवर पोचले नाहीत. एका ट्रकवाल्याने त्यांना उचलून दवाखान्यात आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. कागदावर हृदयविकाराचा झटका असं लिहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर छबुबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचं ऑपरेशन राहूनच गेलं होतं. दुधाळ डोळ्यांनी त्या माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत बोलत होत्या.

"मी म्हणलं त्येला, उत्तरेश्वरा, मागं कॅन भरलेला हाय की. ओत त्यातलं. कावून उन्हात चाललास? तर म्हणला, ते लेकीचं हाय मावशे. मला त्यातलंच तांब्याभर दिलं प्यायला. सोता घोटभर पेला. आन् गेला बादली घिऊन."

कॅन कुणीतरी ओसरीवर आणून ठेवला होता. त्यातलं पाणी आल्यागेल्यांच्या चहाला वापरलं गेलं.

दहाव्याचे विधी उरकून परतल्यावर शहादेव चार माणसांसमोर म्हणाला, "गाडी मार्चपासून कधी उकळली न्हवती. रविवारी आक्काचा व्हॉल बसला आन् सोमवारी उकळली." तो रागाने बोलला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दुधाचं फॅट वाचून दाखवावं तसं बोलला.

त्याचं म्हणणं मी खोडू शकत नव्हते. हे व्हॉल अडकून बसतात. जुना असेल तर उघडायच्या वेळी उघडत नाही आणि मग इंजिन तापल्याशिवाय राहत नाही. आठ-दहा दिवस चिंधीत पडलेला व्हॉल तपासल्याशिवाय बसवा, असं मी सांगितलं होतं. तपासायला काय लागतं? एक भांडं आणि थर्मामीटर. दोन्ही माझ्याकडे होतं.

तेरावं झाल्यावर मी प्रयोगशाळेतून दोन थर्मामीटर पिशवीत घालून परळीला सिदूच्या गॅरेजवर गेले. दोन यासाठी की एक चुकला तर दुसरा सांगेल. शहादेवला मी फोन करून बोलावलं होतं. जीप सिदूनेच घाटातून ओढून आणली होती. ती शेडमध्ये बॉनेट उघडून उभी होती आणि बॉनेटच्या चिरांतून उन्हाच्या पट्ट्या इंजिनावर पडल्या होत्या.

सिदू चाळिशीचा, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आप्पांच्याच हाताखाली शिकलेला. "आक्का, हे कशाला करताव?" तो म्हणाला. "गेलेलं माणूस काय परत येतंय?"

"व्हॉल काढ."

त्याने चार बोल्ट सोडून व्हॉल काढला. मी तो तारेला बांधून त्याच्या चहाच्या पातेल्यात सोडला, तळाला टेकू न देता, आणि स्टोव्ह पेटवायला सांगितलं. दोन्ही थर्मामीटर पाण्यात धरले. व्हॉलच्या कडेवर ८२ हा आकडा कोरलेला होता. त्या अंशाला तो उघडायला हवा.

साठ. सत्तर. शहादेव पातेल्यावर वाकला होता. पंचाहत्तरला काही नाही. ऐंशीलाही नाही.

"बसलाय," शहादेव म्हणाला.

"थांब."

एक्क्याऐंशीला पितळी चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसली. ब्याऐंशीला ती रुंद झाली. नव्वदच्या पुढे व्हॉल पूर्ण उघडला. मी स्टोव्ह बंद करायला लावला. पाणी निवत गेलं तसा तो मिटला. पुन्हा तापवलं, पुन्हा तिथेच उघडला. तिसऱ्यांदाही.

सिदूने हात पुसले. "व्हॉल एक नंबर हाय. मी म्हणलंच होतं. आता रेडिएटर बघू."

त्याने रेडिएटर खाली घेतला आणि वरची टाकी जोडाचं कथील तापवून सुटी केली. आत सगळं पांढरं होतं. माझ्या बाथरूममधल्या बादलीच्या तळासारखं. सिदूने लांब तार घेतली आणि एकेका नळीत घालून बघू लागला. पहिल्या ओळीतल्या सत्तावीस नळ्यांपैकी अकरा नळ्यांतूनच तार आरपार गेली.

"हे एका दिवसाचं न्हाई," तो म्हणाला. "दोन-अडीच महिने बोअरचं पाणी पेलीय ही."

"बोअरचं कसं?" शहादेव म्हणाला. "गाडीला तर छबुबाईच्या विहिरीचं असतंय. आठवड्याला एक कॅन. आप्पा आमाला त्यातलं तोंड धुवायला देत न्हवते बे."

"ते फेब्रुवारीपातूर." सिदू तार खाली ठेवून माझ्याकडे न बघता बोलू लागला. "मार्चमदी आप्पा आलते पंखा बदलायला. मी म्हणलं, आप्पा, तुमी आन् पंखा बदलताव? तर म्हणले, गाडीला आता बोअरचं घालतोय, जरा तापती, हवा जास्त पायजे. मी म्हणलं, गोडं पाणी कुटं गेलं? म्हणले, म्हातारी एकच कॅन देती, ते लेकीला लागतंय. परत तापायली तवा चिरा पाडल्या. परत तापायली तवा व्हॉल काढला. मी सांगितलं, आप्पा, रेडिएटरची जाळी साफ करू, दोन दिवस गाडी ठिवा. तर म्हणले, दोन दिवस सोसायटीचं दूध कोण नेईल? आन् कुणाला बोलू नको म्हणले. विचारलं तर सांग, थंड इंजिन जास्त ओढतंय म्हणून बसवलंय."

बाहेर रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.

मी सिदूला विचारलं, कारण ते विचारणं भाग होतं, "व्हॉल बसवला नसता तर?"

त्याने विचार केला. खोटं बोलायचं नाही म्हणून केला, हे दिसत होतं. "व्हॉल नसला की पाणी थोडं मोकळं फिरतंय. दोन वळणं वर गेली असती, आक्का. ढाब्यापातूरबी गेली असती कदाचित. पर त्या दिवशी न्हाई तर पुढच्या सोमवारी, ही उकळणारच हुती. जाळीच बंद झाल्यावर व्हॉल काय करणार?"

शहादेव पातेल्याजवळ बसला. व्हॉल अजून तारेला लटकत होता. तो बोटाने हलवत म्हणाला, "म्हंजी तुझ्या व्हॉलचा दोष न्हवता. मी उगा बोललो दहाव्याला. लोकांसमोर." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "तुला काय ठाऊक आक्का, त्यांनी तुला दिलेलं पाणी कोणतं हाय ते. त्यांनी सांगितलं थोडंच."

त्याने मला सोडवलं होतं. मी मान हलवली असती तर पुरलं असतं. आम्ही चहा घेतला असता आणि मी चारच्या गाडीने परत आले असते.

कॅन जीपच्या मागच्या फळीवर आडवा पडला होता, रिकामा. शहादेवनेच आणला असावा. मी तो उचलून दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला, अक्षरं त्यांच्याकडे येतील असा.

"शहादेव, पहिला कॅन आला त्याच दिवशी मी हे वाचलं होतं," मी म्हणाले. "दर रविवारी वाचत होते. मग गाडीला काय घालता, एवढंच विचारायचं होतं आप्पांना. बाकी सगळं विचारलं, पंख्याचं, चिरांचं, व्हॉलचं. हे विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि मग मला ते पाणी घेता आलं नसतं. मला ठाऊक होतं ते गाडीचं पाणी आहे. मला ठाऊक होतं, आणि मी ते प्याले."