भिंतीला झालेली कंबरदुखी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर तेजबाबा बसले होते आणि त्यांच्या हातात बशीएवढी करडी, आरशासारखी चकचकीत तबकडी होती. चेल्याने तिच्यामागून विजेरी मारली. उजेडाचा कण पलीकडे आला नाही. मग बाबांनी तीच तबकडी तोंडासमोर धरून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मोठ्या पडद्यावर तबकडी जणू विरघळून गेली आणि तिच्याआडून बाबांचा चेहरा लाल-पिवळा लखलखू लागला.

"डोळ्याला जी भिंत वाटते, ती तेजाला खिडकी असते," बाबा म्हणाले. "तुमचा रोगही मला असाच दिसतो."

गंमत म्हणजे पहिलं वाक्य खरं होतं. शेरभर खऱ्यात चिमूटभर खोटं कालवलं की ते पटकन घशाखाली उतरतं, हे बाबांना पक्कं ठाऊक.

एक म्हातारा शिंपी पुढे आला. खांदा दुखतो म्हणाला. पडद्यावर त्याच्या खांद्यावर लालभडक डाग दिसला. बाबांनी ओल्या फडक्याने खांदा पुसला, फुंकर मारली, आणि डाग निळा झाला. "रोग विझला. पण पूड सोडायची नाही, सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा, वर्ष पुरं होईपर्यंत. या तबकडीच्याच धातूचं भस्म आहे. निसर्गाचं देणं, अपाय म्हणून नाही." निसर्गाचं देणं तर विंचवाचं विषही असतं, पण हे शिंप्याला कोण सांगणार? तो डोळे पुसत पुडी घेऊन उतरला.

रांगेत पाचव्या नंबरवर भिंगवाली उभी होती. हे तिचं कारखान्यातलं नाव. वीस वर्षं ती एकाच धातूची भिंगं घासत आली होती, आणि तो धातू म्हणजे बाबांच्या हातातलं जर्मेनियम. दिसायला पोलादासारखं, पण हातातून निसटलं तर काचेसारखं फुटणारं. त्याची भिंगं उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यांना लागतात. ते पाण्याच्या धारेखाली घासायचं, कोरडी पूड उडू द्यायची नाही, तोंडाला मास्क, जेवणाआधी साबणाने हात. उरलेला गाळ भाजला की पांढरी पूड होते, आणि तिचा पुन्हा धातू करतात.

तीच पांढरी पूड काल तिने दादाच्या उशाशी डब्यात पाहिली होती. दादा इस्पितळात होता. आठ महिन्यांपासून पाठदुखीसाठी बाबांचं भस्म खात होता, आणि आता त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे खायला कोणी सांगितलं?" वहिनी खाली बघत म्हणाली, "बाबांनी. पण आम्ही आधी वन्संना विचारलं होतं."

विचारलं होतं खरं. "तुमचा तो धातू पोटात गेला तर काही होत नाही ना?" असं वहिनीने जेवताना विचारलं, आणि भिंगवालीने ऐटीत दोन्ही तळवे पुढे केले होते. "वीस वर्षं हातात खेळवतेय. मला काही झालंय का?" हातात धरायला चालतं ते पोटात घालायलाही चालतं, असा हिशोब त्या घरात झाला. काल रात्रभर ती स्वतःला शिव्या घालत बसली होती.

रांगेत एका सेविकेने तिला विचारलं, "कुठे दुखतं?"

"कंबर."

सेविकेने तिच्या कंबरेला एक कापडी उशी बांधली. "शुद्धीची आहे." उशी चांगली गरम होती. भिंगवालीला हसूही आलं आणि संतापही आला.

व्यासपीठावर उशी काढल्याबरोबर पडद्यावर तिची कंबर पेटली. लोक हळहळले.

"थांबा महाराज," ती म्हणाली आणि पिशवीतून खिडकीच्या काचेचा तुकडा काढला. "आधी यातून बघा. ही तर सगळ्यांना आरपार दिसते." तिने काच बाबांच्या तोंडासमोर धरली. पडद्यावर बाबांचा चेहरा गायब. तिथे नुसता चौकोनी डाग.

"काचेला पुण्य नसतं," बाबा गुरगुरले.

"पुण्याचा काय संबंध? काच उजेड सोडते आणि अंगाची ऊब अडवते. तुमची तबकडी उजेड अडवते आणि ऊब सोडते. तुमचा कॅमेरा ऊबच बघतो, गरम उशीने अंग लाल, ओल्या फडक्याने निळं." एवढं बोलून ती मागच्या भिंतीपाशी गेली, तळवा दाबून मिनिटभर उभी राहिली आणि बाजूला झाली. कॅमेरा तिने स्वतःच तिकडे वळवला. पडद्यावर भिंतीवर पाच बोटांचा लालभडक रोग उमटला.

"भिंतीची कंबर धरली बघा. द्या तिला पुडी."

आधी कोणीतरी मागे खिदळलं, मग सगळं सभागृह. शिंपी तेवढा हसला नाही. "आणि भस्म?" त्याने विचारलं. बाबा एव्हाना मागच्या दाराकडे सरकत होते.

"त्याने किडन्या मरतात, काका. माझ्या भावाच्या मेल्या. आजच इस्पितळात जाऊन रक्त तपासून घ्या." मग ती सगळ्यांकडे वळली. "कोणी पोटात काही घालायला सांगितलं तर विचारा, हे काय आहे, किती घ्यायचं, आणि कोणी तपासलंय. बाबाला विचारा आणि मलाही विचारा. माझे हात धडधाकट दिसतात म्हणून माझ्यावर विसंबू नका."

शिंप्याने पुडी खिशातून काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. "मी तर सहा महिने खातोय," तो म्हणाला.

संध्याकाळी तिने दादाला सगळं सांगितलं. तो यंत्राला जोडलेला होता. एका नळीतून रक्त बाहेर जात होतं, दुसरीतून परत येत होतं. भिंतीचं ऐकून तो थोडा हसलासुद्धा.

"हे यंत्र किती दिवस?"

"कायमचं, दादा. आठवड्यातून तीनदा."

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"खाऊन काय होतं ते तुला ठाऊक नव्हतं ना?" त्याने विचारलं.

"नव्हतं."

"मग ठाऊक नाही म्हणायचंस की गं. आम्ही दुसऱ्या कोणाला विचारलं असतं."