टेलरमास्तरांची कात्री आणि अंगणातली घोळ

टेलरमास्तरांना एक जुनी खोड होती: चिंधीसुद्धा फेकायची नाही. म्हणून अंगणातल्या फुलांच्या वाफ्यात तांबूस देठांचं, गुबगुबीत पानांचं, जमिनीला चिकटून पसरणारं तण दिसलं, तेव्हा त्यांनी दुकानातली कात्री आणली, ते बारीक बारीक कातरलं आणि तुकडे तिथेच पसरले. वाळतील, खत होईल, वाया कशाला घालवायचं?

वाफ्याला पाणी घातलं आणि झालं! तुकड्यातुकड्याला मुळं फुटली. मास्तरांनी पुन्हा कातरलं, ते दुपटीनं आलं.

"बाबा, तण काढताय की पेरताय?" लेक पोट धरून हसली.

हसू दे बापडी. मास्तरांना मात्र हे हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. पोरीला लग्न याच अंगणात करायचं होतं, लहानपणापासूनचा हट्ट! आणि होणाऱ्या विहीणबाई रोपवाटिकेच्या मालकीण. त्या अंगण बघायला येणार, पसंत पडलं तर ठीक, नाहीतर हॉल. पोर तोंडानं "चालेल" म्हणेल आणि खोलीत जाऊन रडेल, हे बापाला का कळत नाही?

शेवटी मास्तरांनी डोकं लढवलं. अस्तराचं जाड काळं कापड वाफ्यावर अंथरलं, कडेनं विटा ठेवल्या आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

विहीणबाई आल्या त्या थेट वाफ्यापाशी. विटा बाजूला, कापड वर! मास्तरांनी डोळेच मिटून घेतले.

"अगबाई! हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मास्तरांनी एक डोळा उघडला. कापडाखालचं तण पिवळं पडून मान टाकून बसलं होतं.

"उजेड तोडला की ही घोळ खचतेच," विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "आमचे माळीही हेच करतात."

आता गप्प बसावं की नाही? पण मास्तरांच्या पोटात काही राहील तर शप्पथ! "विहीणबाई, खरं सांगू? मी तुमच्यापासून लपवलं हो," म्हणत त्यांनी कात्रीपासून सगळं ओकून टाकलं.

विहीणबाई हसता हसता मातीतच बसल्या. "कात्रीनं! अहो, हिचा तुकडा म्हणजे नवं झाड!" त्यांनी कडेचं एक ताजं देठ मोडलं. "हे बघा, चीक नाही, म्हणजे घोळ. पांढरा चीक आला तर ते दुसरंच तण, तो चीक लागलेला हात डोळ्याला लावायचा नाही. हिला माती भिजवून मुळासकट उपटायची आणि पिशवीत भरून बाहेर न्यायची. नुसती उपटून टाकली तरी बी धरते, मेली!"

मास्तरांनी बाह्या सरसावल्या, पाण्याची झारी आणली आणि दोघं कामाला लागले. लेक दारातून बघत उभी होती. विहीणबाईंनी मान वर न करताच विचारलं, "काय गं, इथे खुर्च्या किती मावतील?"

पोर धावत आली आणि तिनं चिखलाच्या हातांसकट दोघांना मिठीत घेतलं. मास्तरांनी तर लगेच टेप काढून अंगणच मापायला घेतलं.

लग्नाला विहीणबाई मास्तरांनी शिवलेलं जाकीट घालून आल्या. त्याला एक भलामोठा खिसा होता. जो तो विचारी, हा कशाला? फोटोसाठी सगळे उभे राहिले आणि नवरीच्या पायाशी घोळीचं इवलंसं रोप दिसलं. मास्तर आणि विहीणबाई एकदम वाकले, डोक्यावर डोकं आपटलं, रोप मुळासकट निघालं आणि खिशात गेलं.

त्या फोटोत नवरी पोट धरून हसतेय, आणि मागे तिचे बाबा आणि सासूबाई कपाळ चोळत उभे आहेत.