नव्या डब्यातला जुना कर्नल

मी एक जुना कर्नल आहे, फौजेतला नव्हे, संगणकातला: एक आज्ञावली. मित्रांनो, मला हात लावता येत नाही, तेव्हा माझा फोटो मागू नका. संगणक सुरू झाला की सुरुवातीलाच मी जागा होतो आणि प्रोसेसरला, म्हणजे संगणकाच्या मेंदूला, कामाला लावतो. पडदा, माउस, प्रिंटर सगळे माझ्यामार्फतच त्याच्याशी बोलतात.

लिनक्स या संगणकप्रणालीचे एक वितरण, म्हणजे वापरायला तयार असा संच, बनवणाऱ्या मंडळींत एक बाई होत्या. त्यांनी मला बांधले. "हा सगळ्यांना बसेल असा ढगळ असू दे," त्या म्हणाल्या. म्हणून मी कुठे फार पळत नाही, पण कुठे अडतही नाही.

मला नोकरी लागली ती शिलाईच्या कारखान्यात. कारखाना वहिनींचा. त्यांचे दीर, म्हणजे भावजी, शिलाईयंत्रे दुरुस्त करत आणि संगणकही सांभाळत. मापे भरली की बाही, कॉलर, खिसा यांचे नमुने कागदावर छापून निघत. "हा कधी रजा मागत नाही," वहिनी म्हणत. मला छाती असती तर ती फुगली असती.

पुढे बाईंनी माझी धाकटी भावंडे बांधली. एकाच ताग्यातले कापड, पण प्रत्येक जण एकेका पिढीच्या प्रोसेसरच्या मापाने बेतलेला. नव्या प्रोसेसरला नवे हुकूम कळतात. ते वापरून ही भावंडे झरझर काम करतात. कोणाला कोण शोभेल हे वितरणच प्रोसेसरला विचारून ठरवी. भावजींना तेवढाही धीर नव्हता.

"विचारायचं कशाला? डब्यावर लिहिलंय की," ते म्हणाले आणि डब्यावरचा, म्हणजे संगणकाच्या पेटीवरचा, चकचकीत स्टिकर वाचून सर्वांत नव्या पिढीचा कर्नल त्यांनी स्वतःच निवडला.

गंमत अशी, की तो डबा भावजींनीच भंगारातून आणला होता आणि आमचा जुना मेंदू उचलून त्यात बसवला होता. स्वतःच केले आणि स्वतःच विसरले.

"आता जुन्याला काढून टाकतो. उगाच जागा अडवतोय."

"ट्रायल झाल्याशिवाय जुना नमुना फाडायचा नाही," वहिनी कात्री चालवता चालवता म्हणाल्या. "आपल्याकडची रीत आहे."

"वहिनी, हे कापड नाही."

"मग कापडापेक्षा जास्त जपा."

मी वाचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा काळाच राहिला. धाकट्याने नवा हुकूम सोडला, तो आमच्या म्हाताऱ्या प्रोसेसरला कळेना, आणि दोघेही जागच्या जागी थिजले. संध्याकाळी बँडवाल्यांचे कोट द्यायचे होते आणि सगळी मापे संगणकात.

भावजींनी डब्याला दोन थापट्या मारून पाहिल्या. "दमला असेल."

"रात्रभर बंद होता, दमायला काय झालं? आता बँडवाल्यांनी काय बनियनवर वाजवायचं?"

मग भावजींना आठवले, की संगणक सुरू होताना एक कळ दाबून धरली, तर कर्नल जागा होण्याआधीच बसवलेल्या सगळ्या कर्नलांची यादी पडद्यावर येते. त्यांनी पुन्हा बटण दाबले आणि ती कळ धरून ठेवली. तळाला माझे नाव होते. त्यांनी ते निवडले. मी प्रोसेसरला त्याच्या ओळखीच्या भाषेत हाक मारली आणि तो उठून कामाला लागला. प्रिंटर करकरला. पहिली बाही बाहेर आली तेव्हा वहिनींनी तो कागदच कवटाळला.

कोट वेळेवर गेले. मग भावजींनी डब्याचे झाकण उघडले आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, मी वेष्टण बघून मेंदू ठरवला."

"बरं झालं, तुमची सोयरीक मी जमवली," वहिनी म्हणाल्या.

या वेळी भावजींनी वितरणाला प्रोसेसरला विचारू दिले. त्याच्या मापाचे माझे मधले भावंड आले. ते माझ्यापेक्षा थोडे चपळ आहे. आता रोज सकाळी तेच जागे होते आणि मी यादीच्या तळाशी बसतो. डब्यातला पंखा घरघरला आणि आपल्याला हाक आली नाही, की जरा चुकल्यासारखे वाटते. पण प्रिंटरची करकर ऐकू येते आणि बरे वाटते.

मित्रांनो, नवे जरूर आणा. फक्त ज्याच्यासाठी आणता, त्याला आधी विचारा. आणि नव्याची ट्रायल होईपर्यंत जुन्याला दार दाखवू नका.

तो स्टिकर वहिनींनी सोलून भावजींच्या सायकलला चिकटवला आहे. सायकल पूर्वीइतकीच पळते.