शेवटच्या अंकाची पिन

मित्रांनो, टेबलाच्या खणात मागच्या बाजूला एक काळा लोखंडी स्टेपलर पडलेला असतो. खण उघडताना अडकतो आणि घरच्यांची बोलणी खातो. तो मी. माझा जन्म कारखान्यात झाला, पण काम मला समजले ते डॉक्टरबाईंच्या जेवणाच्या टेबलावर.

दवाखान्यातून आल्यावर डॉक्टरबाई दर महिन्याला आरोग्याचा एक छोटा अंक लिहीत. ताप, पोटदुखी, बाळाचे दात, सगळे घरात कुणालाही कळेल अशा भाषेत. छापून आलेली पाने घरातली माणसे जुळवून ठेवत आणि डाव्या कोपऱ्यात पिन मारायचे काम माझे असे.

त्या घराचा एक नियम होता. लेख छापायला देण्याआधी बाई तो सासूबाईंना वाचून दाखवत. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकत आणि शेवटी एकच विचारत, "बरं, मग करायचं काय?" ते लेखात सापडले नाही, तर लेख पुन्हा लिहायचा. तिथे बाईंची काही मात्रा चालत नसे. लोक त्या अंकावर डोळे मिटून विश्वास ठेवत आणि ती पाने मी धरून ठेवतो, याचा मला अभिमान वाटे. खोटे कशाला बोलू, थोडी ऐटही होती.

पुढे बाईंच्या लेखांत माणसे शिरू लागली. खोकल्याच्या लेखात एक आजोबा आले. नातीला कळू नये म्हणून ते नळाखाली रिकामी बादली लावायचे आणि त्या आवाजात खोकून घ्यायचे. बाई वाचत होत्या आणि सासूबाईंच्या हातातली भाजी हातातच राहिली. शेवटी त्यांनी डोळे पुसले. नेहमीचा प्रश्न विचारायचा मात्र राहूनच गेला. मीही खटाखट पिना मारून मोकळा झालो.

काही दिवसांनी एक शिवणकाम करणाऱ्या बाई दारात आल्या.

"आजोबा फार आवडले हो. आईला दोनदा वाचून दाखवलं. तिलाही कधीचा खोकला होता, पण डॉक्टरकडे कधी न्यायचं ते त्यात सापडलं नाही. अंकात असतं तेवढंच आम्ही करतो ना. परवा तिला भरती करावं लागलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते बोलणे ऐकवत नव्हते.

त्यांची आई बरी होऊन घरी आली, पण आमच्या बाईंचा जीव थाऱ्यावर येईना. एका संध्याकाळी त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आई, मी अंक बंद करते."

"एका चुकीपायी? पुढच्या वेळी मी आठवणीनं विचारीन की."

"नुसतं चुकीमुळे नाही. मला आता त्या आजोबांचंच लिहावंसं वाटतं. सल्ला लिहायला बसते आणि हात गोष्टीकडे वळतो. असा हात औषधाच्या पानावर नको."

सासूबाईंनी निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बरं, मग करायचं काय?"

"शेवटचा अंक. सरळ आणि कोरडा."

त्यात पहिल्याच ओळीत छापले होते की, खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर तपासून घ्या. रक्त पडले किंवा धाप लागली तर त्याच दिवशी जा. खाली, हा अंक आता थांबतो आहे, एवढेच. त्या दिवशी मी एकही पिन वाकडी जाऊ दिली नाही. मला फार वाईट वाटत होते.

मग मी खणात गेलो आणि गंजलो. वरून रोज बाईंच्या लिहिण्याचा आवाज येई, माझी आठवण कुणाला नव्हती. एके दिवशी खण उघडला. आजोबांच्या गोष्टीचे पहिले प्रकरण माझ्यासमोर आले. जाड गठ्ठा होता. पिन मध्येच अडकली.

"टाक तो, नवा आण," सासूबाई म्हणाल्या.

"असू दे. त्याला गोष्टीची सवय नाही. मलाही अजून कुठे आहे?" बाईंनी मला तेल लावले आणि पिन पुन्हा मारली.

ते प्रकरण सगळ्यांत आधी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी पाने चाळून विचारले, "यात आईसाठी काही सांगितलंय?"

"काही नाही. नुसती गोष्ट आहे."

"मग आज तिला निवांत वाचून दाखवते."

मित्रांनो, खणातल्या जुन्या स्टेपलरला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि कुणी आजारी आईला घेऊन तुमच्या शब्दावर विसंबून बसले असेल, तर करायचे काय ते आधी सांगा. गोष्ट नंतर सांगा. पण सांगा.