रिकामी मूठ

पाखऱ्यानं टेम्पोच्या फळीला नाक लावलं, फुरफुरला आणि माघारी सरला. कुंडलिकनं दावं पुन्हा हाताला वेढलं. टेम्पोवाल्यानं शेपूट पिळली. बैल हलला नाही. शर्यतीत मोडलेला पुढचा पाय त्यानं अधांतरी धरला होता.

"घाटात लई पळायचा म्हनं ह्यो," टेम्पोवाला म्हणाला. "आता चढाया काय आवतान द्यावं लागतंय व्हय?"

"आये, तू वर चढ," कुंडलिक म्हणाला. "मूठ दाखव. तुझ्याबिगर न्हाई यायचा."

साळुबाईनं आत डोकावलं. ताडपत्री चारी बाजूंनी आवळलेली. वैरणीची एक काडी नव्हती.

"लांब न्यायचाय म्हणतोस. मग वाटंत खायाला काय?"

कुंडलिक दाव्याची गाठ चाचपत राहिला. टेम्पोवाला तंबाखू मळू लागला.

पाय धड होता तेव्हा निमगाव सावाच्या माळावर, शर्यतीच्या सरावाला, चढणीच्या माथ्याला साळुबाईच उभी राहायची, मुठीत गुळाचा खडा घेऊन. खालून पाखऱ्या उधळत यायचा, तिच्या छातीशी थांबायचा. आधी ती रोज गूळ द्यायची. कुंडलिकनंच मोडता घातला. "रोज दिलास तर माजंल. कधी गूळ दे, कधी नुसती मूठ. आज हाय का न्हाई, त्याला कळाया नगं." तेव्हापासून बैल दुपटीनं पळू लागला. मूठ रिकामी निघाली तरी तो रुसायचा नाही. तळवाच चाटत राहायचा, खरखरीत जिभेनं. ओशाळायची ती साळुबाई.

"गूळ घेऊन येते," म्हणून ती घरात गेली. डबा उघडला. ढेपेकडं बघत राहिली. मग झाकण तसंच दाबून बसवलं. गुळाचा वासच नसला तर कशाला येतोय तो? ओढून ओढून दमतील, टेम्पो रिकामा जाईल.

ती फळीवरून चढली, पार आतल्या कडेला उभी राहिली. मूठ पुढं केली.

"ये रं पाखऱ्या."

बैलाचे कान उभे राहिले. दावं सैल पडलं. मोडका पाय फळीवर टेकला, घसरला, गुडघा आपटला. तरी तो आला. तिच्या छातीशी थांबला, आणि बोटांच्या फटीत ओलं नाक खुपसू लागला.

"म्हनलं नव्हतं?" कुंडलिक बाहेरून म्हणाला. "दे त्याचा गूळ त्याला आन् उतर."

पाखऱ्या वाट बघत होता. साळुबाईला मूठ उघडता येईना.